वठलेल्या ओकाचं आडनाव

प्रिय लिव्हियो,

लहानपणी तू सारखं विचारायचास, गावाचं नाव चेर्रासेक्का आणि आपलं आडनावही तेच, असं कसं? आता उत्तर मिळालंय. चेर्रासेक्का म्हणजे वठलेला ओक. चर्चमागे तसं एक झाड होतं, त्यावरूनच गावाचं नाव पडलं. नडलेल्या बाया तिथं तान्ही पोरं ठेवून जायच्या. आईबाप ठाऊक नाहीत म्हणून कारकून सापडल्या जागेचंच नाव आडनाव म्हणून लिहायचा. आपले पणजोबा त्यातलेच. चर्चच्या जुन्या वह्या अडखळत वाचून मी हे शोधलं. चौथी शिकलेल्या बहिणीला हसू नकोस.

खालच्या गावची पोरं आपल्याला "वठल्याची पिल्लं" म्हणायची, आठवतं? त्यामुळे मेलबर्नला जाऊन आडनाव बदलून तू सेर्रा झालास, त्याचं मला नवल वाटलं नाही. बाबांच्या मात्र ते जिव्हारी लागलं. चमचा खाली ठेवून म्हणाले, "एर्सिलिया, मी मेल्यावर भिंतीवर लावायच्या शोकपत्रकात त्याचं नाव घालायचं नाही. सेर्रा नावाचं माझं कुणी नाही." त्यानंतर एकतीस वर्षं घरात तुझा विषय नाही. फक्त तू लावलेल्या अंजिराला दर हिवाळ्यात ते स्वतःच गोणपाट गुंडाळायचे. मी हात लावला की म्हणायचे, "सोड, तुला नाही जमत."

लिव्हियो, मंगळवारी बाबा गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. फोन करायला माझा हात धजावला नाही, कारण मी आधीच एक गोष्ट करून बसले होते. छापखान्यातला बेप्पे शोकपत्रक जुळवताना म्हणाला, "आणि पोरगा?" मी म्हटलं, "सांगितलंय तेवढंच छाप." चाळीस कागद गावभर चिकटवले. शेजारची कंचेत्ता वाचून म्हणाली, "काय गं, जित्या भावाला पुसलंस?" मी म्हटलं, बाबांचा शब्द आहे.

काल त्यांचा रविवारचा कोट झटकला, तर आतल्या खिशात घडी घातलेला कागद निघाला. आपलं शोकपत्रक त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं. "मागे राहिले : मुलगी एर्सिलिया चेर्रासेक्का, मुलगा लिव्हियो सेर्रा." सेर्रा लिहिलंय तिथं कागद खोडून खोडून पातळ झालाय, उजेडात धरला तर आरपार दिसतं. मला सांगायचं तेवढं राहून गेलं त्यांचं, आणि विचारायचं माझं. आज सकाळी शाई घेऊन निघाले आणि भिंतीभिंतीवर तुझं नाव हातानं लिहिलं, त्यांनी लिहिलं तसंच. तीन कागद पावसानं गळून गेले होते, तेवढे राहिले. त्यांचा कागद सोबत पाठवतेय, तो तुझा आहे. मला माफ करायचं का, ते सावकाश ठरव. पण थंडी पडायला लागलीय, अंजीर अजून उघडंच आहे, आणि मला खरंच नाही जमत.

वाट पाहणारी, तुझीच थोरली,
एर्सिलिया