पुसलेली भिंत

३ सप्टेंबर १९४७

चुना नाही! गोरित्साच्या बाजारात अमेरिकन शिपायांच्या कृपेनं नायलॉनचे मोजे मिळतात, पण कोंबड्यांच्या खुराड्याला फासायला बादलीभर चुना नाही. संस्कृतात अमृताला आणि चुन्याला एकच शब्द — सुधा. व्हिएन्नात शिकताना हसलो होतो. आज पटलं.

शेजारचा द्रेइच कुंपणावरून म्हणाला, "बातमीदारसाहेब, जगाच्या बातम्या देता, आणि गावाची माहीत नाही? अख्खं गाव भिंती पुसतंय!"

खरं आहे. गेल्या वर्षी सीमा ठरवायला चार देशांचं कमिशन आलं, तेव्हा दिसेल त्या भिंतीवर आम्ही लिहून ठेवलं होतं. आता गाव इटलीत जाणार म्हणतात. आमच्या रस्त्याकडच्या भिंतीवर लाल अक्षरं — 'आम्ही युगोस्लाव्हियाचे'. अक्षर माझ्या मुलीचं, व्हिदाचं. सगळं गाव ओळखतं. शाळेत बक्षीस मिळालं होतं त्याला.

६ सप्टेंबर

बायकोनं, आनानं, कुठूनसा चुना पैदा केला. "कोंबड्या राहू देत, आधी भिंत. इटलीवाले पोरीला उचलून नेतील." दोन हात दिले. तरी लाल अक्षरं गुलाबी होऊन डोकावतातच! तिसरा दिला.

९ सप्टेंबर

चुना कुठे गेला ते कळलं. शिपाई कुरणातून पांढरी रेघ ओढत गेले. आमचं घर इटलीत. मेहुणी पाव्हलाचं घर, द्राक्षमळा — पलीकडे, युगोस्लाव्हियात. सोळा तारखेपासून ओलांडायची नाही.

१३ सप्टेंबर

आना व्हिदाला म्हणाली, "मावशीकडे जा द्राक्षं तोडायला."

"किती दिवस?"

"तोडून होईपर्यंत."

व्हिदा माझ्याकडे वळली. "बाबा, मी लिहिलं ते खोटं होतं का?"

"खरं होतं. म्हणून तर जा."

गेली. आईनं बांधून दिलेली भाकरी टेबलावरच ठेवून गेली — मुद्दाम.

१६ सप्टेंबर

इटलीचे झेंडे, घंटा, गाणी. दोन तरुण भिंतीपाशी थांबले. एकानं तळहात टेकवला. पांढरा झाला.

"काय आजोबा, इथं काय होतं?"

"भिंत."

हसले. "आणि अक्षरवाली पोरगी कुठाय?"

आजोबा म्हणायला मी काही म्हातारा नाही! ते गेल्यावर आना म्हणाली, "बरं झालं, पलीकडे आहे." मीही म्हणालो, बरं झालं.

२१ सप्टेंबर

पाव्हला रेघेपलीकडे गाय घेऊन उभी होती. पहारेकरी जवळच, म्हणून गायीवरच ओरडत होती — हल्ली सगळे असंच बोलतात. "हंबरतेस काय मेले! नेलं ना परवा तुझं वासरू इथल्या सरकारी समितीवाल्यांनी! एकच विचारत होते त्याला — तुझ्या बापानं भिंत का पुसली?"

पहारेकरी खदखदून हसला.

व्हिदा समितीकडून अजून परतलेली नाही. मला भीती वाटते आहे.