मलमपट्टीचा डबा शिखरावर

१२ जानेवारी

चि. टिल्लूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि त्यातला फोटो पोचला. आधी वाटलं, कुणी पाणबुड्या वाट चुकून डोंगरावर गेलाय. मग हनुवटी ओळखली. दोन हातांत दोन काठ्या, मानेवर पडदा सोडलेली टोपी, गळ्यात शिट्टी आणि पाठीवरच्या पिशवीतून तोंडाशी आलेली ती नळी. तुझे भावोजी म्हणाले, बिचारा सलाइन लावून फिरतोय. ती पाणी प्यायची नळी आहे असं सांगितलं, तर त्यांनी विचारलं की बाटलीचं काय बिघडलं होतं.

तुझ्या पँटबद्दल मात्र मी अधिकाराने बोलते, कारण शाळांचे गणवेश शिवण्यात माझा जन्म गेला. गुडघ्याभोवती चेन लावायची आणि ऊन वाढलं की खालचे पाय सोडवून पिशवीत टाकायचे! हे बेतणाऱ्याला एक तर कापड कमी पडलं असणार किंवा लाज. कारखान्यातल्या सगळ्या बायकांनी फोटो पाहिला. काजं करणारीला काळजी पडलीय, की डॉक्टर एखाद्या दिवशी पाय वरच विसरून आले तर काय.

थट्टा राहू दे. वहिनी गेल्यापासून तू रविवारी दवाखान्यावरच्या खोलीत पडदे ओढून पडून असायचास, हे तुझ्या लेकीने मला केव्हाच कळवलं होतं. त्यामानाने डोंगर बरा. पण दवाखान्याचा जिना चढताना मधल्या वळणावर काहीतरी आठवल्यासारखं करून थांबणारा तू, तिथे एकटा तर जात नाहीस ना? सोबत कोण असतं ते लिही.

माया आहेच, चेष्टेने ती कमी होत नाही.
तुझी ताई


२७ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी एक विनंती. पाकिटावर ‘टिल्लू’ लिहू नकोस. पोस्टमन माझ्याकडे दाढेसाठी येतो. परवा खुर्चीत आडवा, तोंडात कापसाचे बोळे, आणि तरी हसत होता. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाला एवढा मान तरी मिळावा.

सामानाला खुशाल हस. काठ्यांमुळे उतारावर गुडघे कुरकुरत नाहीत. नळीमुळे न थांबता पाणी पिता येतं, आणि डोंगरात न थांबणं हीच खरी गोष्ट आहे. मलमपट्टीचा डबा मी स्वतः भरलाय. कात्री, चिकटपट्ट्या, घोट्याला गुंडाळायचं क्रेप बँडेज, सगळं जागच्या जागी. अख्ख्या गटात असा डबा फक्त माझ्याकडे आहे.

एकटा जात नाही. रविवारी सकाळी निघून संध्याकाळी परत, असा आमचा गट आहे. एक निवृत्त बसचालक आहेत, ते चढावर गिअर बदलल्यासारखे आवाज काढतात. एक बेकरीवालं जोडपं आहे, त्यांच्यामुळे पावाची ददात नाही. आणि बाजारपेठेतल्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाई आहेत. त्या मात्र डोकेदुखी आहेत. माझं मत साधं आहे. डोंगर म्हणजे शिखर. बाकी सगळी तिथवर जायची वाट. या बाई वाटेतच थांबतात. दगडावरचं शेवाळं भिंगातून बघतात, ओढ्यात हात घालून बसतात. शिखरावरून काय दिसतं, असं मला विचारलं. मी दऱ्या, गावं, पार क्षितिजापर्यंत असं सांगायला लागलो, तर म्हणतात की वरून घरं काडेपेट्यांसारखी दिसतात आणि काडेपेट्या त्यांच्याकडे घरी आहेत. सामान म्हणशील तर खांद्याला एक जुनी निळी झोळी. त्यात टॉवेल, भिंग आणि पेरू. यांच्यापायी आम्हाला दर वेळी खोळंबावं लागतं.

भावोजींना नमस्कार. रागावलो नाही, रागावल्यासारखं लिहिलंय.
तुझा भाऊ


१५ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकिटावर ‘डॉक्टर’ लिहिलंय. आत मी काय वाटेल ते म्हणेन.

तुझं पत्र भावोजींना मोठ्याने वाचून दाखवलं. डोंगराला चार ओळी आणि चष्मेवाल्या बाईंच्या झोळीला निम्मं पान. आपल्या आईने तुला बाजारातून काय आणायचं ते सांगितलं तर जिन्याखाली जाईपर्यंत तू विसरायचास. आणि या बाईंच्या झोळीचा रंग, आतला टॉवेल आणि पेरूसुद्धा तुझ्या लक्षात आहे. डोकेदुखी म्हणतोस ती साधारण कुठल्या बाजूला होते? डाव्या बाजूला, जरा खाली, असेल तर ती डोकेदुखी नव्हे.

मी काही विचारत नाही. फक्त एवढंच सांगते की जवळचं नीट दिसत नसेल तर चष्मा वेळेवर करून घ्यावा, आणि दुकान तुझ्या ओळखीचं आहे.

तू शिवायला पाठवलेली फाटलेली पँट पोचली. चेनीची शिवण उसवून पाय कायमचे जोडून टाकलेत. आता ते कुठेही जायचे नाहीत.

जिव्हाळा ठेव, लपवाछपवी ठेवू नकोस.
तुझी ताई


८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पँट मिळाली. उन्हात वाफाळून निघालो, पण काही बोलत नाही.

गेल्या रविवारी आम्ही शिखर सोडून पलीकडच्या रानात गेलो होतो. मीच सुचवलं. ओढ्याकाठी इतकी दाट सावली होती की टोपीचा पडदा काढून ठेवला. ओल्या खोडावर नखाएवढ्या पांढऱ्या छत्र्या उगवलेल्या, भिंगातून पाहिलं तर खालच्या बाजूला कुणी चुण्या घालून शिवल्यासारख्या. तुझीच आठवण झाली. बाई म्हणाल्या की डॉक्टर, आज तुम्ही पहिल्यांदाच बसलात.

तू विचारत नाहीस म्हणून सांगतो. त्यांनी लग्न केलं नाही, वडिलांमागे दुकान सांभाळण्यात वर्षं गेली. मी त्यांना विचारायचं ठरवलंय. लेकीला फोनवर सांगितलं तर ती आधी रडली, पण मग म्हणाली की विचारा. तू मोठी, तू ये. महिनाअखेरच्या रविवारी आम्ही मोठ्या सुळक्याला जातोय, तिथे माथ्यावर विचारेन असा बेत आहे. सोबत बूट पाठवलेत. आठवडाभर कारखान्यात घालून फिर, म्हणजे पायाला चावणार नाहीत. आणि कृपा करून माझ्या दुधाच्या दातांची गोष्ट तिथे सांगू नकोस.

तुझी वाट बघणारा,
तुझा भाऊ


३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

त्या नाही म्हणाल्या हे तुला माहीतच आहे. तू तिथेच होतीस.

तीन दिवस विचार केला, आणि लिहिल्यावाचून राहवत नाही. सकाळी चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर तू माझ्या दुधाच्या दातांची गोष्ट सांगितलीस. वर त्या पँटची हकीकत, तीही अभिनयासह. बेकरीवाल्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ज्या माणसावर अर्धा डोंगर हसलाय त्याच्याशी कोणती बाई लग्न करेल? वर धुकं. माथ्यावरून काहीही दिसलं नाही. मी घाईने चढून जाऊन चांगली जागा शोधून ठेवली, आणि तुम्ही दोघी वर आलाच नाहीत. शेवटी खाली येऊन एका दगडाशी, तुझ्यादेखत विचारावं लागलं. अशा ठिकाणी कोण हो म्हणतं?

सामान विकायला काढलंय. काठ्या पोस्टमन घेतोय.

तुझा पाय कसा आहे?
तुझा भाऊ


४ एप्रिल

आदरणीय ताईंना,
स. न. वि. वि.

घोट्याची सूज उतरली का? तुम्ही जाताना गाडीच्या खिडकीतून हसत होतात, पण दुखत होतं हे कळत होतं. चष्मे विकणाऱ्याला माणसं डोळे कसे बारीक करतात ते पाहायची सवय असते.

त्या दिवशी तुम्ही मला काही विचारलं नाहीत, म्हणून आता सांगते. डॉक्टर माणूस म्हणून सोन्यासारखे आहेत. त्यांच्या बोलण्याला मी हसते, त्यांच्या टोपीलाही हसते. ते विचारणार हे मला रानातच कळलं होतं, आणि हो म्हणायचं असं मी जवळजवळ ठरवलं होतं. पण सुळक्याखालच्या त्या ओल्या कातळावर तुमचा पाय मुरगळला तेव्हा ते आमच्या पुढे हाकेच्या अंतरावर होते. तुम्ही बसकण मारलीत, मी हाक मारली. मग तुम्ही जी ‘टिल्लू’ म्हणून आरोळी ठोकलीत ती मागून येणाऱ्या बेकरीवाल्यांनी ऐकली, त्यांच्या मागच्या बसचालकांनी ऐकली, दरीनेही ऐकली. डॉक्टर कानटोपी ओढून चढत राहिले. शिट्टी त्यांच्या गळ्यात. मलमपट्टीचा डबा शिखराकडे निघालेला आणि मुरगळलेला पाय खाली. तुम्ही त्यावर एवढं हसलात की मी टॉवेल फाडून बांधेपर्यंत तुम्हाला धड कण्हताही आलं नाही.

मीही हसले. पण धुक्यात तुमच्याजवळ बसले असताना आठवत गेलं. इतके रविवार आम्ही सोबत चाललो, आणि चालताना मी त्यांची फक्त पाठ पाहिली आहे. मी मागे आहे की दरीत गेले, हे पाहायला ते एकदाही वळलेले नाहीत. वाईटपणा नाही त्यांच्यात. त्यांना पुढचंच दिसतं. या वयात मला कुणाच्या मागून घरभर चालायचं नाही.

मी नाही म्हटलं. का, ते त्यांनी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलंही नाही. तुम्ही सांगावं की नाही, ते तुम्ही ठरवा. रविवारी मी जात राहीन. डोंगर काही त्यांचा एकट्याचा नाही.

तुमचा स्नेह मला हवा आहे, नातं जुळो न जुळो.
चष्मेवाली


१२ एप्रिल

चि. टिल्लूस,
आशीर्वाद. अनेक आणि उत्तम आहेत की नाहीत ते पत्र संपल्यावर ठरवू.

पायाची चौकशी केलीस, आभारी आहे. पत्राच्या अगदी तळाशी, सहीला चिकटून केलीस, पण केलीस. पाय टेकवता येतो. शिलाई मशीनवर बसते, पायडल दुसऱ्या पायाने मारते.

तुझ्या दुधाच्या दातांवर त्या बाई सगळ्यांत आधी हसल्या होत्या, आणि हसताना तुझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या ती मी पाहिली. तू पाहिली नाहीस, कारण तू तेव्हा बुटाच्या नाड्या आवळून सुळक्याकडे बघत होतास. धुक्यानेही तुझं काही बिघडवलं नाही. त्या नाही म्हणाल्या, कारण त्या दिवशी तुझी सख्खी बहीण तुझ्या पाठीमागे पडली आणि तू पुढे गेलास. सोबत कुणी येतंय का, हे तू वळून पाहत नाहीस. त्यांनी मला लिहिलंय आणि त्यात काडीचाही राग नाही, म्हणून मला जास्त लागलं.

तू घाईने वर जाऊन चांगली जागा शोधलीस म्हणतोस. कुणासाठी? दोघांसाठी जागा शोधणारा माणूस दुसऱ्याला वाटेत टाकून जातो का? तुझ्या सामानात शिट्टी आहे, होकायंत्र आहे, पायसुद्धा सुटे होतात. मान वळवायची सोय तेवढी नाही, आणि ती दुकानात मिळायची नाही.

काठ्या विकू नकोस. पोस्टमनला दाढ बरी होईपर्यंत थांबायला सांग.

हे वाचून माझ्यावरचा लोभ आटला तरी चालेल, माझा आटायचा नाही.
तुझी ताई


२० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र फाडलं. मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं. त्यानंतर बरेच दिवस तुला लिहावंसं वाटलं नाही, हे खरं सांगतो.

रविवारी जाणंही सोडणार होतो. पण सकाळी जाग आली आणि पडद्यांकडे बघून भीती वाटली. म्हणून गेलो. शेवटी उभा राहिलो आणि ठरवलं की आज कुणालाही मागे टाकायचं नाही. ताई, रांगेच्या शेवटून डोंगर वेगळाच दिसतो. दिसतच नाही म्हण. दिसतात त्या लोकांच्या पाठी. बसचालकांना चढावर दम लागला की ते फुलं बघायला थांबल्याचं सोंग करतात. बेकरीवाली नवऱ्याच्या पिशवीतलं ओझं त्याच्या नकळत आपल्या पिशवीत काढून घेते. हे मला इतके महिने ठाऊक नव्हतं. थांबावं लागायचं तेव्हा आधी चरफडलो. मग डबा कामी आला. कुणाची टाच सोललेली, कुणाला काटा. एवढे रोगी मला दवाखान्यातही मिळत नाहीत.

बाईंना मी काही बोललो नाही. माफी मागायला गेलो असतो तर ते भाषण झालं असतं, हे मला माझ्याबद्दल माहीत आहे. त्या पुढे, मी शेवटी, असे रविवार गेले. काल आम्ही रानातून वर चढत होतो. बसचालकांच्या बुटाचा तळ निघाला. तो चिकटपट्टीने बांधण्यात मला वेळ लागला, तोवर सगळे पुढच्या वळणाआड गेले. मी त्यांना घेऊन वळणावर आलो, तर वर वाटेत बाई एकट्या उभ्या होत्या. भिंग हातात नव्हतं. शेवाळ्याकडे पाठ होती. खाली आमच्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, “येताय ना?”

मी हो म्हणालो. एवढंच झालं. पण मला वाटलं, तुला सांगावं.

पायाला जप. या वेळी आधी विचारायचं होतं, विसरलो.
तुझा टिल्लू


२६ मे

प्रिय चष्मेवाल्या बाईंना,
स. न. वि. वि.

माझा पाय बरा आहे. परवा कारखान्याचा जिना न कण्हता उतरले.

तुम्ही वाटेत एकदा मागे वळून पाहिलंत, एवढ्या एका गोष्टीवर माझ्या भावाने मला लांबलचक पत्र लिहिलंय. शिखरांवर त्याने इतकं कधी लिहिलं नव्हतं. खाली सही ‘टिल्लू’ अशी आहे, यावरून त्याची अवस्था ओळखा. मोठी बहीण म्हणून मी त्याच्यासाठी शब्द टाकावा अशी रीत आहे, पण तुम्ही स्वतः बघून पारखून घेणाऱ्या आहात, त्यामुळे माझा शब्द माझ्याकडेच राहू दे.

एक मात्र सांगते, मागून तक्रार नको. तो पुन्हा विचारेल. आज, उद्या, कधीतरी, वेळ चुकवूनच विचारेल. तेव्हा हो म्हणा किंवा नाही म्हणा, मी तुमचीच राहीन. पण उत्तराची घाई करू नका, आणि फार वेळा वळून पाहू नका, तो लगेच शेफारतो. थोडे दिवस त्याला मागेच राहू दे. तिथून त्याला बरं दिसायला लागलंय.

तुमच्या लोभावर हक्क सांगणारी,
टिल्लूची ताई