बाजूच्या खाटेवरचा पेशंट

४ जून, संध्याकाळ
अखेर सिनेमात! अपघातानंतर जिद्दीने पुन्हा उभा राहणाऱ्या धावपटूची गोष्ट. त्याच्या बाजूच्या खाटेवरचा पेशंट मी. संवाद नाही, सगळं डोळ्यांतून. नऊ वर्षं पी.टी. शिकवणाऱ्या मास्तरला डोळे वटारायला कोण शिकवणार? उरलेला सीन उद्या-परवा. असिस्टंट बाई म्हणाल्या, फोन येईपर्यंत अवतार बदलू नका, कंटिन्यूइटी असते.
शूटिंगमध्ये माझ्या पायाला घातलेलं प्लास्टर काढता-घालता येणारं, नकली. आपल्याला खोटं जमत नाही. ओळखीच्या कंपाउंडरकडून अख्ख्या डाव्या पायाला खरं घालून घेतलं.

७ जून
फोन नाही. मोठ्या सिनेमात चालायचंच. शाळेत पाय मोडल्याचं कळवलं. अगदीच थाप नाही, पाय वाकत नाहीच.

१२ जून
आत भयंकर खाज. बायकोची विणायची सुई घातली, ती अडकली. बायको म्हणते, त्या बाईंना एक फोन करून विचारा. हिला काय कळणार? आपण फोन केला की आपली किंमत गेली.

१९ जून, दुपार
समोरच्या भिंतीचे पोपडे पाठ झाले. मुख्याध्यापिकांचा फोन आला. मला कायम करायचं की नाही, ते महिनाअखेर ठरणार. तोवर चित्रकलेच्या बाईंना मैदानावर पाठवलंय. पोरं म्हणे त्यांचं ऐकतात. चार दिवसांचं कौतुक!

२४ जून
शाळेने एक्स-रे मागितलाय. आली का पंचाईत! प्लास्टर काढावं तर सिनेमा बुडतो, ठेवावं तर नोकरी. खोलीत कोंडून बाहेरून कडी लावल्यासारखं वाटतंय. उद्या ठामपणे निर्णय घेणार.

२५ जून
परवा घेणार.

२८ जून
बायकोने मला न विचारता फोन लावला. असिस्टंट बाई म्हणाल्या, अय्या, काका अजून प्लास्टरमध्ये? त्यांची खाट तर दुसऱ्याच दिवशी काढली, हिरोची व्हीलचेअर वळत नव्हती. शूटिंगही कधीच संपलं.
वाटलं, बायको हसेल. हसली नाही. तेच जास्त लागलं.

२९ जून
प्लास्टर कापलं, एक्स-रे काढला. पाय वाळलाय, गुडघा आखडलाय. डॉक्टर म्हणाले, हाड ठणठणीत आहे, कधी मोडलंच नव्हतं. रिपोर्टातही तसंच लिहिलं. म्हटलं, जरा गिचमिड लिहा. ते म्हणाले, हल्ली टाइप होतं. रिपोर्ट शाळेत पाठवावा लागला.

१ जुलै, सकाळी ११
शाळेचं पत्र. चित्रकलेच्या बाई कायम. मी उद्यापासून नको.
ठरवलं, ताठ मानेने चालत जायचं आणि मुख्याध्यापिकांना सगळं खरं सांगायचं. नवा शर्ट घातला. भिंत धरून दारापर्यंत पोचलो. तिथे गुडघ्याने दगा दिला. खाली बसलो आणि रडलो.
एकूण चौदा पावलं. परत यायला बायकोला हाक मारली.