पिठाच्या डब्यातला फोन

सौ. इंद्रायणीस, वापीहून गेणूचा आशीर्वाद. मी खुशाल आहे.

सहा ते पावणेसात मी फोन उचलत नाही म्हणून रागावलीस. तेवढा वेळ फोन पिठाच्या डब्यात असतो आणि मी गच्चीवर एकटा, गप्प. खोलीतले चौघे हसतात, "भाऊ, साधू झाला का राव?" परवा भाजीत मुद्दाम मीठ घातलं नाही. चौघंही फोनमध्ये डोकं घालून जेवले, एकालाही कळलं नाही. असल्यांनी मला शहाणपण शिकवायचं!

उसात दिसलेला बिबट्या पिंजऱ्यात सापडला का? पाणी द्यायला एकटी जाऊ नकोस. जावंच लागलं, तर तुझी ती रडकी गाणी फोनवर मोठ्यानं लावून जा. आणि सहाला जाणार असशील तर आधी कळव. त्या दिवशी फोन डब्यात ठेवणार नाही.

तुझा,
गेणू