गोदाला कोणता रंग शोभेल

पश्चिम मांबलम, मद्रास ३३
नोव्हेंबर १९८३

ती. सौ. सुंदरीअक्काला कनकाचा नमस्कार. (पाय पुण्यात आणि डोकं मांबलमात, म्हणून कागदावरच टेकवते. गोड मानून घे.)

इकडे सगळे खुशाल आहोत. अप्पांचा गुडघा जिना दिसला की दुखतो आणि कापीचा (तुमच्या पुण्यात कॉफीचा) टंबलर दिसला की थांबतो, तेव्हा तोही खुशालच धरायचा. अम्मा बरी आहे. तुमच्याकडची खुशाली सविस्तर कळव: भावोजींचं पित्त, छोट्या गोदाचे दात, आणि तुझ्या लग्नात आत्यानं तुला दिलेली ती अरक्कु साडी. (साडीची खुशाली कोणी विचारतं का, म्हणशील. मी विचारते. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नकोस आणि घडी अधूनमधून मोडत जा, नाहीतर रेशीम घडीवरच चिरतं.)

तुझं पत्र पोचलं. गोदा वडिलांच्या सावळ्या रंगावर गेली, आता बालवाडीच्या संमेलनात तिला कोणत्या रंगाचं परकर-पोलकं शोभेल ते कामाक्षी आत्याला विचारून कळव, असं लिहिलंस. बरोबर माणसाला विचारलंस हो. आपली आत्या पोरींच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाली तेव्हा तांबरमच्या लोकांना वाटलं सुटलो, पण ती रविवारची लोकल पकडून आमच्याकडे यायला लागली. बरोबर एक पिशवी असते, तिच्यात ब्लाऊजपिसांचे तुकडे. दारात चपला काढते न काढते तोच माझ्या हनुवटीखाली एक-एक तुकडा धरून डोळे बारीक करते. (तू लग्न करून गेलीस, तुझी हनुवटी वाचली. तशीही तुझ्या हनुवटीखाली कोणताही तुकडा धरला तरी आत्या "आहा"च म्हणायची.)

तिचं शास्त्र सोपं आहे. माणसाचे वर्ण तीन, आणि तिन्ही कापीवरून ओळखायचे. पहिला दूध जास्त, म्हणजे तू. दुसरा बेताचं दूध, म्हणजे आत्या स्वतः (हे तिचं मत. ती दुपारी गच्चीवर पापड घालते तेव्हा येऊन बघावं). तिसरा नुसतं काळं डिकॉक्शन, म्हणजे मी. दूध जास्तवालीनं काहीही नेसावं, ती साडीवर उपकार करते. बेताचं दूधवालीनं विचार करून नेसावं. डिकॉक्शनवालीनं मात्र आत्याला विचारून नेसावं, आणि आत्या सांगेल ते म्हणजे फिकट चंदनी. फिकट चंदनी मिळाला नाही तर राखी. राखी मिळाला नाही तर धुळीचा. तांबडा, जांभळा, मोरपंखी, रामा हिरवा ही नावंसुद्धा आपण मनातल्या मनात घ्यायची.

प्रसंगाप्रमाणे फरक असतोच. कचेरीत धुळीचा, कारण मळ दिसत नाही. दुसऱ्याच्या लग्नात राखी, कारण नवरीवर कुरघोडी होता कामा नये (माझ्याकडून तो धोका नाही, असं तीच सांगते, पण नियम तो नियम). कोविलात फिकट चंदनी, कारण देवापुढे साधेपणा. आणि कोणी वारलं तर भेटायला जाताना यांतलं काहीही, कारण माझं सगळं कपाट त्याच प्रसंगासाठी भरल्यासारखं आहे. खोटं वाटतं? आमच्या कचेरीत नवे साहेब आले. महिनाभर मला बघून एक दिवस त्यांनी बाजूला बोलावलं आणि घरात कोण गेलं म्हणून हळूच विचारलं. नाही कोणी, म्हटलं, हा माझा वर्ण खुलवायचा रंग आहे. तेव्हापासून ते माझ्याशी फार जपून बोलतात.

माझ्याकडे एक रंगाची साडी होती. पहिल्या पगाराची, अरक्कु, लाखेसारखी गडद तांबडी, मोहरीच्या रंगाचा काठ. अप्पांना बरोबर नेलं होतं, आत्याला नाही. मी ती नेसलेही नव्हते, चांगल्या दिवसासाठी ठेवली होती. पण आत्यानं कपाट उघडलं, अशा रंगाची साडी असल्या पोरीकडे म्हणजे वाया, असं ठरवलं आणि ती दुसऱ्या घरी देऊन टाकली. जाऊ दे. मी कुठं साड्यांचा विचार करत बसते. तो विषय मी केव्हाच सोडला.

आता मूळ हकिगत. मला बघायला येणार असं ठरलं. मुलगा व्यंकट, आपल्याच तंजावूरकडच्या मराठी लोकांतला, बँकेत आहे. (मुलग्याचा रंग कोणी विचारत नाही. त्याला पगार असतो. पगार मलाही आहे, पण तो कोणत्या रंगात खुलतो ते आत्याला अजून सापडलेलं नाही.) आत्यानं मोहीम हाती घेतली. आधी हॉलमधली ट्यूबलाइट काढली, कारण तिच्यात सावळी पोरगी निळी दिसते, आणि पिवळा बल्ब लावला. मग मला टी. नगरला एका मोठ्या दुकानात घेऊन गेली. गादीवर बसलो. विकणारा मनुष्य माझ्याहून काळा, जाड मिशीचा, आणि तिथल्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक साडीचा पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवणारा. चंदनी टाकला तर तो आजारी दिसला. राखी टाकला तर त्याला पाणी आणून द्यावंसं वाटलं. मग मी हळूच बोट दाखवलं, आणि त्यानं गठ्ठ्यातून अरक्कु ओढून खांद्यावर घेतला. अक्का, काय सांगू तुला. मिशीसकट तो मनुष्य पालखीत बसवण्यासारखा दिसायला लागला. शेजारच्या गादीवरच्या बायका आपल्या साड्या सोडून त्याच्याकडे बघत राहिल्या.

दुकानातल्या दिव्यात रंग फसवतो, उजेडात बघायचा, हा आत्याचाच नियम. म्हणून मी त्याला दारात चला म्हटलं. तो बिचारा साडी गुंडाळलेला तसाच उन्हात जाऊन उभा राहिला. फूलवाली म्हणाली शोभतं, रिक्षावाला म्हणाला शोभतं, रस्त्यानं जाणाऱ्या दोन म्हाताऱ्या थांबल्या. आत्या म्हणाली, गडद रंग गडद वर्णाला मारतो. मी म्हटलं, मग हा मेलेला कसा दिसत नाही? त्यावर तो मिशीवाला (ज्याला पुढच्या जन्मी खजिन्यातलं सोनं मोजायला ठेवतील असं तेज आलेलं होतं) मलाच म्हणाला, की मॅडम, तुमच्या कलरला लाइट शेडच बरी. आम्ही फिकट चंदनी घेऊन घरी आलो.

पाहुणे संध्याकाळी आले. अम्मानं सोज्जी आणि भजी केली होती. मी चंदनी नेसून, पिवळ्या बल्बखाली, हातात कापीचं ताट घेऊन बाहेर आले आणि थबकले. समोर व्यंकटची आई बसली होती. काळीसावळी, माझ्यासारखीच, आणि अंगावर तीच फिकट चंदनी. काठ तेवढा वेगळा. तिनं माझ्याकडे बघितलं, मग आपल्या पदराकडे, आणि टंबलर उचलताना हळू आवाजात विचारलं, हा रंग तुला कोणी सांगितला. आत्यांनी, म्हटलं. तर म्हणाली, मला सासूबाईंनी. त्या गेल्या, पण सवय राहिली.

इथं थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण आपली आत्या. तिला वाटलं, आपल्याच मताच्या बाई भेटल्या. तिनं खुर्ची पुढं ओढली आणि शास्त्र सुरू केलं. कापी, डिकॉक्शन, सगळं. सावळ्या वर्णाला हाच रंग खुलतो, म्हणून सांगितलं. त्या बाईंनी शांतपणे विचारलं, खुलतो म्हणजे नेमकं काय होतं? आत्या म्हणाली, वर्ण चटकन दिसून येत नाही.

"दिसायलाच नको असेल," त्या म्हणाल्या, "तर आम्ही मुलगी बघायला कशाला आलो?"

अप्पा छताकडे बघायला लागले. आत्याचं तोंड उघडं राहिलं आणि त्यातून, मला आठवतं तेव्हापासून पहिल्यांदा, काही बाहेर आलं नाही. बाई मला म्हणाल्या, जा, तुला आवडते ती नेसून ये, आम्ही बसतो.

अक्का, मी आत जाऊन कपाट उघडलं. चंदनी, राखी, धुळीचा. पुन्हा राखी. मला आवडते ती त्यात नव्हतीच. मी कपाटाचं दार धरून उभी राहिले आणि मला रडू आलं, ते लपवत नाही. मग स्वयंपाकघरात दोरीवर अम्माची जुनी जांभळी सुती साडी वाळत होती, हळदीच्या डागासकट, ती ओढली आणि नेसून बाहेर आले. बल्बही बंद करून टाकला आणि खिडकी उघडली, बाहेर अजून उजेड होता. व्यंकटची आई माझ्याकडे बघून हसली आणि तिनं आणखी एक भजं घेतलं. जाताना चपला घालता घालता व्यंकट एवढंच म्हणाला, की मला रंगातलं काही कळत नाही, पण तुम्ही बाहेर आल्यावर आत्याबाई गप्पच होत्या, ते मला फार आवडलं. असं बोलणारा मुलगा आपल्या घराला लागतोच, असं अप्पांचं मत पडलं. माझंही पडलं.

तर ठरलं. पोंगलनंतर तै महिन्यात मुहूर्त. आत्या रुसून तांबरमला आहे, पण मुहूर्ताच्या साडीसाठी फिकट चंदनी पट्टुचं रेशीम बघून ठेवलंय, असं तिचं कार्ड आलंच. तुम्ही तिघं नक्की या. भावोजींना नमस्कार. साड्यांबद्दल मला एवढं लिहावंसं वाटलं याचं मलाच नवल वाटतं. मला त्यातली काडीचीही हौस नाही.

तुझी,
कनका

ता. क. त्यातल्या एका साडीची मात्र आहे. पहिल्या पगाराची अरक्कु दुसऱ्या घरी गेली असं वर लिहिलं, ते घर तुझं. तुझ्या लग्नात आत्यानं आपल्या नावानं तुला आहेर केली ती. तुला ठाऊक नव्हतं, म्हणून तुझ्यावर राग नाही. (होता. तुझ्या लग्नाच्या फोटोत मी पंचारती घेऊन वाकडं तोंड केलेलं दिसतं, ते त्यामुळे.) अप्पा म्हणतात दुसरी घेऊ. घेता येईल. मला दुसरी नको, ती माझी आहे. मुहूर्ताला मी तीच नेसणार. रजिस्टर्ड पार्सलानं पाठव.

ता. क. दुसरा. तू नेसलेली असशील, तरी चालेल. डाग असला, तरी चालेल.

ता. क. शेवटचा. गोदाला कोणता रंग शोभेल ते सांगायचं राहिलंच. आत्याला मी विचारलेलं नाही आणि विचारणार नाही. साडी पार्सलात बांधायच्या आधी पोरीला दारात उन्हात उभी कर आणि पदर तिच्या खांद्यावर टाकून एकदा नीट बघ. मग पाठव.