टोकाला बांधलेली लोकर

१२ मार्च

प्रिय दादा,

आम्ही बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे. तेवढं लिहिलं असं समज.

कुशीवर वळवताना बाबा आता कमी कुरकुरतात. तू पाठवलेली चाकांची खुर्ची दारातून आत येईना, म्हणून जिन्याखाली ठेवलीय. तिच्यात शेजाऱ्यांचं मांजर झोपतं. कुणीतरी सुखात आहे.

कामाचं विचारलं होतंस. सध्या वाऱ्याच्या बोगद्यात विमानाच्या पंखांची टोकं तपासतेय. पंखाचा नमुना खांबाला आवळून ठेवायचा आणि समोरून वारा सोडायचा. बिचारा दिवसभर उडतो आणि जागचा हलत नाही. पंखाखालची दाबलेली हवा टोकाला वळसा घालून वर पळते, तिथे भोवरा होतो आणि इंधन फुकट जातं. आईच्या मागे राहिलेल्या लोकरीचे धागे मी टोकाला चिकटवते. भोवऱ्यात ते गरगरतात. टोक वर वळवलं की बरेचसे निवतात.

परवा बाबांना हे सांगत होते. जन्मभर बस चालवलेला माणूस, लगेच म्हणाले, "वाकवायचं कशाला? पंख लांब करा की."

"लांब केला तर चांगलंच, बाबा. पण विमान उभं करायच्या जागेत मावत नाही."

"मग अजून वाकवा."

"त्यालाही मर्यादा आहे. वर वळवलेलं टोक वाढवलं की पंखाच्या मुळाशी ताण येतो."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. मग म्हणाले, "तुझी जागा मी अडवलीय ना गं?"

मी "काहीतरीच काय" म्हटलं आणि कपडे वाळत घालायला गेले.

दादा, फोनवर बोलले नाही, कारण बाबा ऐकतात. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या बोगद्यावर अख्ख्या पंखाचं काम मला देताहेत. वर्षभरासाठी. मी नाही म्हणून मोकळी झाले. साहेबांनी ते मानलं नाही, महिनाअखेरीस पुन्हा विचारेन म्हणाले. घरी येऊन न्हाणीघरात रडले, कडी लागते ती तेवढीच खोली. बाबांवर माझा जीव आहे. तरी या घरात माझा जीव गुदमरतो. दोन्ही खरं आहे.

"तू आहेस म्हणून मी निर्धास्त," असं तू दर फोनला म्हणतोस. आता नको म्हणूस.

काही पाठवूही नकोस. वर्षभरासाठी स्वतः ये. जमणार नसेल तर तसं बाबांना तूच सांग. त्यांचा प्रश्न अजून तसाच आहे, आणि मला त्यांच्याशी पुन्हा खोटं बोलवणार नाही.

महिनाअखेरपर्यंत वाट पाहणारी,
अजून घरातच असलेली,
तुझी धाकटी