प्रस्तावना न करता घरी सांगणे

३ जुलै, गुरुवार

बाबांना कसं सांगायचं? या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. इथे लिहायला हरकत नाही, कारण ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही. वर्गात कबूल करणार नाही. नववी ब ला शिक्षकाच्या कच्च्या बाजूचा वास लगेच येतो.

परिस्थिती अशी. मागच्या महिन्यात मी अवयवदानाची नोंदणी केली. कार्ड आलं, ते पर्समध्ये आहे. कार्डाच्या मागे छापलंय की आपली इच्छा घरच्यांना सांगून ठेवा, कारण वेळ आली की त्यांनाच विचारलं जातं. म्हणजे बाबांना विचारणार. आणि बाबा असे की घरातून निघताना मी 'जाते' म्हटलं तरी परत बोलावतात, 'येते' म्हणायला लावतात, मगच सोडतात.

घाई नाही. माझी तब्येत उत्तम आहे. योग्य वेळ बघून, शांतपणे, शास्त्रीय भाषेत सांगणार. येत्या रविवारी नक्की.

योगायोग म्हणजे हेडबाईंनी आजच नववीला आरोग्याच्या तासाला हाच विषय घ्यायला सांगितला. मी शाळेत तात्पुरती आहे, त्यामुळे उरलेसुरले विषय माझ्याकडे येतात. पण हा उरलेला नाही. हा माझाच आहे. आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिली, आणि बाबांचं दुकान जुन्या दुचाकींच्या पार्टचं. लोकांनी टाकून दिलेल्या स्कूटर ते मोडतात आणि त्यातले चालू पार्ट विकतात. इतकं चपखल उदाहरण कुठल्या शिक्षिकेच्या घरात असेल?

४ जुलै, शुक्रवार

तास अपेक्षेपेक्षा चांगला झाला.

सुरुवातीला विचारलं, गरज पडली तर दुसऱ्याचा अवयव घ्याल का. सगळे हात वर. म्हणजे निम्मं काम तिथेच झालं. मग विचारलं, द्याल का. हात खाली आले, पण हळूहळू आले, हे महत्त्वाचं.

अडचणी किरकोळ. मधल्या रांगेतली एक म्हणाली, सगळं देईन, डोळे नाही, कारण तिच्यात तेवढेच चांगले आहेत. शेजारच्या मैत्रिणीने, हो, ते मात्र खरं, असं म्हटल्यावर दोघींचं वाजलं. एकाने विचारलं, माझी किडनी नववी अ मधल्या कुणाला बसवली तर परत मागता येईल का. शेवटच्या बाकावर बसतो त्याला सगळे डुलकी म्हणतात. बसतो म्हणजे झोपतो. तो डोळे न उघडता म्हणाला, सगळं घ्या, फक्त मला उठवू नका. हा मी होकार धरला.

स्कूटरचं उदाहरण दिलं. फार पटकन समजलं. इतकं समजलं की उरलेला तास एकमेकांचे पार्ट तपासण्यात गेला. पहिल्या बाकावरच्याचे गुडघे भंगारात काढले.

शेवटी वकील उठली. ही वर्गाची मॉनिटर. प्रत्येक गोष्टीला पुरावा मागते, म्हणून सगळे तिला वकील म्हणतात. तिने विचारलं, मॅडम, तुम्ही नोंदणी केलीय, तर घरी सांगितलंय का? मी म्हणाले, आमच्या घरी या विषयाला कुणाचाही विरोध नाही. हे शब्दशः खरं आहे. ज्यांना माहीतच नाही ते विरोध कसा करतील?

वकिलाने मान हलवली. तिची मान हलवायची पद्धत मला आवडत नाही.

६ जुलै, रविवार

आज सांगणार होते. सकाळी बाबा इंजिन खोलून बसले होते, हात ऑइलने माखलेले. अशा वेळी गंभीर बोलू नये. दुपारी ते झोपले. संध्याकाळी मात्र मी विषय काढलाच. म्हटलं, बाबा, समजा मला काही झालं.

पुढचं वाक्य त्यांनी ऐकलंच नाही. काय होतंय विचारलं, कपाळाला हात लावला, आईला थर्मामीटर आणायला पिटाळलं. ताप नाही म्हटल्यावर बाबा म्हणाले, थर्मामीटर जुना झालाय. मला गरम पाणी पाजून, दिवस मावळायच्या आत अंथरुणात घातलं.

निष्कर्ष: पार्श्वभूमी तयार झाली.

७ जुलै, सोमवार

काल पडल्या पडल्या सुचलं. मुलांना लेखी स्वाध्याय देण्यात अर्थ नाही, ते एकमेकांचं उतरवतात. म्हणून तोंडी स्वाध्याय. आज प्रत्येकाने घरी जेवताना आपली इच्छा सांगायची. सूचना फळ्यावर लिहिल्या. प्रस्तावना नको. एकच वाक्य. नजरेला नजर देऊन. हसायचं नाही.

वकिलाने विचारलं, घरचे घाबरले तर? मी म्हणाले, स्पष्ट बोललं की माणसं घाबरत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

अनुभव यायचाय. पण येईलच.

८ जुलै, मंगळवार

प्रतिसाद प्रचंड. सकाळी फाटकाशी इतके पालक मी निकालाच्या दिवशीसुद्धा पाहिले नव्हते.

डुलकीने आयुष्यात पहिल्यांदा स्वाध्याय केला. एरवी तो जेवताना मान वर करत नाही. काल केली, आईच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, मी मेल्यावर माझं सगळं देऊन टाका. हसला नाही. सूचना तंतोतंत पाळल्या. त्याच्या आईने ताट बाजूला सारलं आणि त्याला धरून रडायला बसली. वडिलांनी त्याच्या खोलीची आतली कडी उचकटून काढली. आज दोघं त्याला दोन्ही दंडांना धरून शाळेत घेऊन आले. आई रात्रभर हलवून बघत होती, म्हणे. झोप न झाल्यामुळे त्याची माझ्यावर खास नाराजी आहे.

डोळे न देणारीने घरी सांगितलं की डोळे सोडून मी सगळं द्यायला तयार आहे. तिच्या आजीने विचारलं, मुलगा कोण आहे ते आधी सांग.

एक गृहस्थ फाटकाला धरून ओरडत होते की शाळेने पोरांच्या किडन्यांवर डोळा ठेवलाय. शिपायाने त्यांना पाणी दिलं. त्यांनी पाण्याचा वास घेऊन बघितला.

एकंदरीत विषय घराघरांत पोचला. हेच तर ध्येय होतं.

९ जुलै, बुधवार

हेडबाईंनी बोलावलं. बसा म्हणाल्या नाहीत, पण त्या कामात असतील. शनिवारी पालकसभा. म्हणाल्या, शिक्षक काही सांगायला लागला की पालकांना वाटतं शाळेचा काहीतरी डाव आहे. दुसऱ्या आईबापाचं ऐकतील. तुमच्या घरी तर कुणाचाच विरोध नाही, असं तुम्ही वर्गात सांगितलंत म्हणे. (वकील.) मग वडिलांना घेऊन या. दोन शब्द बोलतील. ते जमलं नाही तर हा विषय शाळेतून बंद, आणि पुढच्या सत्रात तुमचंही काय करायचं ते बघावं लागेल.

मी म्हणाले, आणते की.

तीन दिवस आहेत. भरपूर झाले.

१० जुलै, गुरुवार

बाबांना निमंत्रण दिलं. कशावर बोलायचं, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, ज्याचं काम संपलं त्यातलं जे चांगलं आहे ते दुसऱ्याच्या उपयोगी कसं पडतं, यावर. एकही शब्द खोटा नाही. बाबा म्हणाले, म्हणजे आपला धंदाच की. मी गप्प राहिले. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

तासाभरात बाबा केस कापून आले. समोरच्या टायरवाल्याला हाक मारून सांगितलं, शनिवारी दुकान बंद, पोरीच्या शाळेत भाषण आहे. टायरवाला म्हणाला, तुम्ही आणि भाषण? बाबा म्हणाले, शिकलेल्या लोकांनी बोलावलंय, तुला नाही कळायचं.

आईने ठेवणीतला शर्ट काढला. त्याची गळ्याची गुंडी लागेना, म्हणून आत्ता ती पुढे शिवतेय.

११ जुलै, शुक्रवार

बाबा आरशासमोर उभे राहून सन्माननीय पालकहो म्हणत होते. मला बघून थांबले, मग म्हणाले, पालकहो आधी की सन्माननीय आधी. या क्षणी सांगणं क्रूरपणा झाला असता.

उद्या स्कूटरवर सांगणार. मागे बसून सांगणं सोपं, चेहरा दिसत नाही. सिग्नलला थांबलो की लगेच.

१२ जुलै, शनिवार

एकही सिग्नल लाल लागला नाही.

हॉल भरला होता. मुलं मागे उभी. बाबा माईकपाशी गेले, सन्माननीय पालकहो नीट म्हणाले, आणि मग भीती जाऊन मनापासून बोलायला लागले. म्हणाले, मी तुम्हाला फसवणार नाही. जुना पार्ट म्हणजे शेवटी जुना पार्ट. बसला तर बसला. मी गॅरंटी देत नाही आणि परत घेत नाही. वरून चकचकीत दिसतो, आतून झिजलेला निघतो. ब्रेकला तर मी कुणाला जुना घालूच देत नाही, जिवाशी खेळ नको.

एक बाई उठून बाहेर गेल्या. डुलकीच्या आईने डुलकीचा दंड पुन्हा धरला. हेडबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी टाळ्या वाजवल्या. एकटीने.

प्रश्न विचारा, असं हेडबाई म्हणाल्या नव्हत्या. तरी वकील उठली. म्हणाली, काका, मॅडमनी अवयवदानाची नोंदणी केली हे त्यांनी घरी सांगितलं, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?

बाबांनी माझ्याकडे बघितलं. माईक तोंडापाशी तसाच होता. त्यांचा श्वास सगळ्या हॉलला ऐकू येत होता.

मग म्हणाले, आमच्या घरात शिकलेली ती एकटी. तिने काही केलं असेल तर विचार करूनच केलं असेल.

आणि माईक टेबलावर आडवा ठेवला, दुकानात एखादा पार्ट ठेवतात तसा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. किडन्यांवर डोळावाल्या गृहस्थांनीसुद्धा. हेडबाई म्हणाल्या, शेवट बरा झाला.

येताना सगळे सिग्नल लाल लागले. 

१३ जुलै, रविवार

काल जेवताना सांगितलं. प्रस्तावना न करता, एका वाक्यात. नजरेला नजर देणं जमलं नाही.

आईने ताट बाजूला सारलं. बाबा जेवत राहिले. ताटातलं संपवून म्हणाले, तुझ्या वर्गातल्या पोरांनी आपापल्या घरात सांगितलं. तू मला माईकवर कळवलंस. मग म्हणाले, माझ्याकडे येते ती मालकाने टाकलेली गाडी. तुला कुणी टाकलंय?

 शास्त्रीय भाषा आठवलीच नाही. मी एवढंच म्हणाले, कुणी टाकलं नाही म्हणूनच तर तुम्हाला विचारणार आहेत. तुम्ही नाही म्हणालात तर ते घेणार नाहीत.

बाबांनी हात धुतले. ऑइल काढायला घासतात तसे घासून; जेवल्यावर इतके घासताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. टॉवेल शोधत म्हणाले, रांगेत मी तुझ्या पुढे आहे. मी असेपर्यंत हा विषय निघणार नाही. आणि मी नसेन तेव्हा मला विचारायला येणार कोण?

युक्तिवाद बिनतोड होता. वकिलाची आणि त्यांची एकदा गाठ घालून द्यायला हवी.

आईने नंतर स्वयंपाकघरात हळूच विचारलं, चष्मा असला तरी डोळे चालतात का? मी म्हणाले, चालतात. ती खूश झाली. म्हणाली, मग माझे दे, पण गुडघे कुणाला देऊ नका, तळतळाट लागेल.

एकूण हिशेब: आई, गुडघे सोडून होकार. बाबा, नाही म्हणालेले नाहीत.

१४ जुलै, सोमवार

वर्गात सांगितलं की माझा स्वाध्याय परवा झाला. वर्ग एकदम शांत. मला वाटलं, भारावले. मग वकील म्हणाली, म्हणजे आमच्यानंतर? तिने मला दहापैकी चार दिले. उशिरा सादर केला आणि नजरेची अट पाळली नाही, असं कारणही दिलं. चुगली केलीस का असं मी तिला विचारणार होते, पण ती म्हणाली, चार म्हणजे पास आहे, मॅडम.

डुलकीने निरोप आणला. त्याच्या आईला स्वतःची नोंदणी कुठे करायची ते हवंय. त्याचीही करायची होती, पण लहानांची होत नाही हे कळल्यावर तिला बरं वाटलं. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, नक्की असं म्हणाली? तो हो म्हणाला, आणि बाकावर डोकं टेकलं. मी उठवलं नाही.

हेडबाईंनी बोलावून चांगली बातमी दिली. विषय शाळेत राहणार. मीही पुढच्या सत्रात राहणार. फक्त तो विषय गणिताचे सर घेतील.

त्यांना माझ्या अनुभवाचा उपयोग होईल. ते अजून मागायला आलेले नाहीत.

१५ जुलै, मंगळवार

एवढे दिवस चूक कुठे होत होती ते लक्षात आलं. कार्ड पर्समध्ये होतं. पर्समधलं कार्ड कुणालाच दिसत नाही.

शाळा सुटल्यावर दुकानात गेले. काउंटरवर जाड काच आहे, तिच्याखाली बाबा लागणारी कार्डं ठेवतात. टायरवाला, रंगवाला, गाडी ओढून आणणारा. बाबा आत एक स्कूटर खोलत होते. मी काच उचलली, रंगवाल्याला जरा सरकवलं आणि माझं कार्ड आत घातलं.

बाबा बाहेर आले. बघितलं. वाचलं असावं, कारण चष्मा खाली ओढला.  हातातला चहाचा कप बरोब्बर त्या जागी ठेवला.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आरसा शोधत आलं. काउंटरवर पैसे मांडायला त्याने कप उचलला आणि विचारलं, हे काय नवीन? बाबा म्हणाले, पोरीचं आहे. विकायचं नाही.

आणि कप परत तिथेच ठेवला.

मी पर्स उचलून जाते म्हणाले. मुद्दाम नाही, तोंडातून गेलं. बाबांनी रस्त्यापर्यंत येऊन परत बोलावलं. मी येते म्हटलं. कार्ड काढून आणलं नाही. कपाखालीच ठेवून आले.